अंग फुटायचे दिवस

हात धरणं हा आमच्या घरचा धंदा होता, आणि माझे हात हिवाळ्यात धरण्यासारखे राहत नसत. आम्ही मणियार, बांगड्या भरणारे; जुन्नरच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्याच्यामागे चूल आणि न्हाणी. दुकानात अम्मी बसायची. अब्बा आठवड्याच्या बाजारांना फिरायचे. आळे, निमगाव सावा, कधी पार कळंबपर्यंत. बांगड्यांची पेटी गवताच्या पेंढ्यात घट्ट बसवून एसटीच्या टपावर चढवायची आणि रस्ताभर वर बघत राहायचं, असा त्यांचा प्रवास. घरी आल्यावर पेटी उघडली की आधी कानाने तपासायचे. बोटाने माळ हलवली की जिला तडा गेला आहे ती बांगडी वेगळी वाजते. आम्ही तीनच माणसं, पण घरात आवाज सतत काचेचा. भाकरी थापताना अम्मीच्या हातातला, बाहेर गिऱ्हाइकांचा, आणि पेटीतला. अजूनही कुठे काच किणकिणली की मी वळून बघते, मग तो चहाचा ग्लास का असेना.

अम्मीचे हात लोण्यासारखे होते. दिवसाकाठी कितीतरी बायकांचे पंजे ती दाबायची, त्यामुळे की काय, कोण जाणे. समोरच्या बाईचा हात हातात घेतला की ती आधी गप्पा काढायची. लेकरं किती, ऊस तुटला का, सासू कशी आहे. बाई बोलण्यात गुंगली की हात आपोआप सैल पडतो. मग अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं, चार बोटं एकावर एक घ्यायची, पंज्याची होडी करायची, आणि बांगडी मनगटात. दुखलं असं बाईला कळायच्या आत पुढची. मला हे सगळं लहानपणीच येत होतं. उन्हाळ्यात, पावसाळ्यात मी अम्मीच्या शेजारी बसून पोरीबाळींना बांगड्या भरायची. पण दिवाळी सरली, कुकडी नदीकडून सकाळचा वारा सुटला, की अम्मी म्हणायची, "शमीम, तू आत चूल बघ." त्याचं कारण मला सांगावं लागत नव्हतं.

थंडीत सगळ्यांचंच अंग फुटतं. आमच्याकडे तोच शब्द आहे, अंग फुटणं. गाल उलतात, ओठांच्या कडा चिरतात, टाचांना भेगा पडतात, शाळेतल्या पोरांच्या पिंढऱ्यांवर नखाने रेघ ओढली की पांढरी उमटते. पोरं त्यावर आपली नावं लिहायची. माझ्या पिंढऱ्यांवर मात्र नाव लिहायला जागा नव्हती. तिथे कातडीचे बारीक बारीक चौकोन उठायचे, सुकलेल्या तळ्याच्या तळाला उठतात तसे, आणि त्यांच्या कडा सुटून यायच्या. कोपरापासून मनगटापर्यंत तेच. तळहातावर रेषा इतक्या खोल की दळण चाळलं की पीठ त्यात बसून राहायचं. चेहऱ्याला तर हसायची चोरी. हसलं की ओठ फुटायचा आणि मीठ लागल्यासारखं झोंबायचं. चादर झटकली की खाली कोंडा पडायचा. तो मी स्वतः झाडून काढायची, अम्मीच्या आधी.

उपाय काय कमी केले नाहीत. खोबरेलाची बाटली गोठून पांढरी व्हायची, ती दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवायची आणि पातळ झालं की चोळायचं. तिळाचं तेल अंगाला गरम पडतं म्हणून कोणी सांगितलं, ते केलं. साबण बंद करून डाळीचं पीठ आणि साय. घाटाखालून येणारी एक बाई आमसुलाच्या तेलाचे पिवळट गोळे आणायची, ते चुलीशी धरून टाचांच्या भेगांत पिळायचे. ग्लिसरीनमध्ये लिंबू पिळून लावलं, तेव्हा मी अंगणात नाचले, पण आनंदाने नव्हे. सगळ्यात वाईट म्हणजे मला बंबाचं कडकडीत पाणी आवडायचं. अंगावर घेताना खाज निवायची, इतकं बरं वाटायचं की डोळे मिटायचे; आणि अंग पुसेपर्यंत कातडी ताणून कागदासारखी व्हायची. हे उलटं गणित मला पटायला फार हिवाळे गेले. आता माझी नात गरम पाण्याचा नळ सोडून अर्धा तास आत उभी राहते आणि मग बाहेर येऊन तीन तऱ्हेच्या बाटल्या अंगावर रिकाम्या करते. मी तिला सांगते, बाई, पाणी कोमट घे आणि अंग ओलं आहे तोवर लाव. ती म्हणते, मोबाइलवरही हेच सांगतात. म्हणजे मग ते खरं असणार.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्या हिवाळ्यात मी शाळा सोडून घरी होते. निमगाव साव्याच्या एका घरचं लग्न ठरलं होतं. त्या लोकांचं पूर्वी मेंढरांवरच सगळं होतं. आता विहीर, कांदा, ऊस, पण वाघुरीत, म्हणजे जाळ्याच्या वाड्यात, पन्नासेक मेंढरं अजून होती. त्या घरच्या सगळ्या लेकी-सुनांचा चुडा आमच्याकडचा. नवरीच्या आईच्या, हौसाबाईंच्या हातात त्यांच्या लग्नाचा हिरवा चुडा अम्मीनेच भरला होता, आणि आता त्यांच्या मंदाचाही तिनेच भरायचा असं ठरलेलं. बाजारात बायका अब्बांपुढे हात करायच्या, पण लग्नघरात, आतल्या सोप्यात, सगळ्या बायामाणसांत नवरीचा चुडा भरायचा तर बाईच लागायची. आणि चुड्याच्या दोन दिवस आधी अम्मीने बंबाचं पाणी काढताना उजवा हात भाजून घेतला. पंजा सुजला, फोड आले. डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली.

संध्याकाळी अब्बा बाजारातून आले. पट्टी बघितली, काय झालं ते ऐकलं आणि हातपाय धुऊन जेवायला बसले. हुलग्याच्या शेंगोळ्या होत्या. आमच्या घरी बोलणं मिश्र होतं, निम्मी हिंदी, निम्मी जुन्नरची मराठी. बाहेरच्या माणसाला कुठली कुठे संपते ते कळायचं नाही. अब्बा घास चावता चावता म्हणाले, "शमीमला नेतो."

अम्मी म्हणाली, "थंडी हाय."

"मला दिसतंय थंडी हाय ते."

"लग्नाचं घर हाय. बायका काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते म्हणतील. चुडा तर भरला पायजे ना. दुसरं कोण हाय आपल्यात?"

अम्मीने आपल्या पट्टीकडे बघितलं. मला आतून थंडीपेक्षा निराळं काहीतरी भरून आलं होतं. एक तर मला जायचं होतं. लग्नाचा चुडा मी कधी भरला नव्हता, आणि मणियाराच्या पोरीने तो भरणं म्हणजे शेतकऱ्याच्या पोराने पहिल्यांदा औत धरण्यासारखं. आणि दुसरं, मला अजिबात जायचं नव्हतं.

निघायच्या सकाळी अम्मीने डाव्या हाताने माझ्या दोन्ही पंजांना तेल चोळलं. चोळताना ती हाताकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मग तिने स्वतःचा लांब बाह्यांचा स्वेटर मला घातला. "बाह्या बोटांपर्यंत ओढून घेत जा," म्हणाली. नारायणगावात गाडी बदलून आम्ही निमगावला उतरलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. दारात मांडव घातलेला, एका बाजूला चुलवणावर मोठं पातेलं, मासवड्यांसाठी खसखस-खोबरं भाजल्याचा वास, आणि वाघुरीतून मेंढरांचं एकसारखं बें-बें. अब्बा बाहेर पुरुषांत बसले. मी पेटी घेऊन आत गेले.

सोप्यात घोंगडी अंथरली होती. मंदा मधे बसली होती, माझ्याएवढीच, हळद लागायच्या आधीची, गप्प. हौसाबाईंनी मला अम्मीचं विचारलं, हात भाजल्याचं ऐकून चुकचुकल्या, पाणी दिलं. मी हिरव्या बांगड्यांची माळ सोडली आणि माप घ्यायला मंदाचा हात धरला. त्यासाठी बाह्या वर कराव्याच लागल्या. अशा बाह्यांनी कोण बांगड्या भरणार?

मंदाची आत्या शेजारीच बसली होती. घारगाव बाजूला दिलेली, मोठी, घरात जिचा शब्द चालतो अशी. तिने माझं मनगट धरलं आणि उजेडाकडे वळवलं.

"आगं, हे काय व्हय?"

"थंडीनं फुटलंय," मी म्हणाले.

"थंडी आमाला बी वाजती. आमचं आसं न्हाई व्हत." तिने माझा हात सोडला आणि स्वतःचा हात पदराला पुसला. "वैनी, हे काय बरूबर न्हाई. लग्नाची पोर हाय. उद्या अंगाला हळद लागायची. ह्या पोरीला कसला रोग हाय का काय, कुणाला ठावं? हिचा हात न्हाई लावायचा नवरीला."

हौसाबाई कधी माझ्याकडे, कधी नणंदेकडे बघत होत्या. भल्या बाई होत्या, पण लग्नघरात नणंदेशी कोण वाकडं घेणार? मी बाह्या खाली ओढल्या आणि माळ पुन्हा बांधायला लागले. गाठ बसेना. रडू आलं नाही, ते मला चांगलं आठवतं. फक्त कान गरम झाले, आणि इतक्या थंडीत ती ऊब बरी वाटली असा एक वेडा विचार मनात येऊन गेला.

"हिच्या बापाला हाक मारा," आत्या म्हणाली. "त्यांनीच काय ते सांगावं."

अब्बा दाराशी आले. उंबऱ्याच्या बाहेर, टोपी सारखी करत, नजर खाली. माझे अब्बा बायकांशी दिवसभर बोलणारे, पण त्यांच्या बोलण्यात कायम एक हात अंतर असायचं. बाजारात बांगडी भरताना ते बाईच्या पंज्याच्या वर कधी बघत नसत. आत्याने त्यांना सगळं पुन्हा ऐकवलं, जरा अधिकच जोरात.

अब्बांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रोग न्हाई ताई. ही आमची कातडीच अशी हाय."

"आमची म्हंजी?"

अब्बा खाली वाकले आणि त्यांनी उजव्या पायाचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला.

मी त्यांची मुलगी. इतकी वर्षं एका छपराखाली राहिलेली. पण त्यांची पिंढरी मी कधी पाहिली नव्हती. ते पहाटे मशिदीकडच्या हौदावर आंघोळ उरकून यायचे, उन्हाळ्यातसुद्धा घोट्यापर्यंत पायजमा, आणि मुलीने बापाच्या पायांकडे कशाला बघायचं? त्या पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत तेच चौकोन होते. माझ्यापेक्षा काळे, जाड, जुने. जणू मीच, पण म्हातारी झालेली.

"जल्मापासनं हाय," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज माल दाखवतानाचा होता, साधा. "माज्या बापालाबी व्हतं. मी तुमच्या गावात वीस वर्सं बाजारला येतो. निम्म्या गावाच्या हातात बांगड्या भरल्या. कुणाला काय झालं? हिच्या आईला न्हाई झालं. उन्हाळ्यात आपोआप कमी व्हतं, थंडीत परत येतं. पोरीनं माज्याकडनं घेतलंय, दुसऱ्या कुणाकडनं न्हाई. तुमाला नको वाटत आसंल तर आमी जातो. पर रोग म्हणू नका."

त्यांनी पायजमा खाली सोडला. बाहेर कुणीतरी मेंढराला हाकललं. आत्या म्हणाली, "आता मला काय ठावं," पण ते स्वतःशीच. आणि तेव्हा मंदा, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, तिने हात पुढे केला.

"आत्या, माजा हात बगा," ती म्हणाली. "मेंढरांमागं हिंडून, कांदं लावून माज्याबी भेगाच हायत. उरका आता. ऊन ओसरीवरनं चाललंय, मला गार लागतंय."

हौसाबाई हसल्या, आणि मग बाकीच्या. मी मंदाचा हात घेतला. खरंच कडक होता, बोटांच्या पेरांवर चिरा, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा. माप सव्वादोनचं, पण असा कोरडा हात सव्वादोनच्या बांगडीत जात नाही. काच अडते, कातडी सोलते, आणि नवरीच्या हातात बांगडी वाढली तर झालंच. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. मी कोमट पाणी मागितलं. दोन्ही पंजे भिजवून घेतले, फडक्याने नुसते टिपले आणि ओलसर असतानाच तेल लावलं. हे मी माझ्याच अंगावर शिकले होते. कोरड्या कातडीवर तेल वरच्या वर राहतं. ओल असली की ती आत धरून ठेवतं. मग अम्मीसारख्या गप्पा काढायला गेले, तर मला काही सुचेना. शेवटी विचारलं, "मेंढरं किती?" मंदा म्हणाली, "मी सासरी निघाले म्हणून मोजायचं सोडलंय." बोलताना तिचा हात सैल पडला आणि पहिली बांगडी आत गेली.

दोन्ही हात भरेपर्यंत एकही वाढली नाही. मंदाने उठून पेटीला आणि मला वाकून नमस्कार केला, रीत असते तशी, आणि हौसाबाईंनी गहू, नारळ, खणाचा शिधा दिला. मग घरातल्या इतर बायका बसल्या. आत्या बसली नाही. तिने आधीच घातल्यात असं सांगून टाकलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टी सांगताना शेवटी सगळेच चांगले होतात, आणि तसं नेहमी होत नाही. जेवताना मासवडीचा रस्सा वाढायला ती आली आणि तिने तो वरूनच ओतला, पातेल्याचा धक्का माझ्या ताटाला न लावता. पण वाढलं मात्र भरपूर.

परतीच्या गाडीत खिडकीची काच बंद होत नव्हती. अब्बांनी आपला रुमाल माझ्या डोक्याला बांधला. मग मी म्हणाले, "तुमी कधी सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं?"

"तुमालाबी हाय म्हणून."

"वाटलं, तुजं जाईल."

"तुमचं गेलं?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? पायजमा घालतो," अब्बा म्हणाले.

मी हसले आणि ओठ फुटला. रुमालाच्या टोकाने मी तो टिपला, तर त्यांनाही हसू आलं. बाप आपल्याला नाक देतो, रंग देतो, आवाज देतो, हे सगळे सांगतात. त्यांनी मला जे दिलं ते त्यांना नकोसं होतं, आणि माझ्या अंगावर ते बघत त्यांनी इतके हिवाळे काढले. त्यांना काय वाटत असेल, याचा विचार तोवर मी केला नव्हता. पुढे खूप वर्षांनी पुण्यातल्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी माझे हात बघून विचारलं, वडिलांना होतं का? मी हो म्हणाले. त्यांनी त्याचं एक लांबलचक नाव सांगितलं, जाणारं नाही पण त्रास आटोक्यात राहतो म्हणाल्या, आणि युरियाचं मलम लिहून दिलं. युरिया म्हटल्यावर मला आधी शेतच आठवलं.

घरी आल्यावर अब्बांनी अम्मीला सगळं सांगितलं, पायजम्यासकट. अम्मी म्हणाली, "बायकांच्यात?" आणि तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, ते नीट कळलं नाही. मी तिला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "लग्न थंडीतच झालं व्हतं आमचं." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकानात तिच्या शेजारी माझी चटई टाकली, आणि एका टोपात कोमट पाणी आणून ठेवलं. काही बायका माझे हात बघून अम्मीकडे सरकायच्या. तिची पट्टी निघेपर्यंत त्यांना एक तर थांबावं लागे, नाहीतर माझ्याकडे यावं लागे. बहुतेक जणी यायच्या. गडबड असते लोकांना.

मला बघायला येणाऱ्यांना अम्मी तोवर चैत्र-वैशाखातच या म्हणायची. त्या काळात माझं अंग बरं असायचं. कळंबच्या एका मणियाराकडून निरोप आला तेव्हा ऐन थंडी होती, आणि अम्मी म्हणाली, उन्हाळ्यात बघू. अब्बा म्हणाले, "न्हाई. आताच या म्हणून सांगा." ते लोक आले. मुलगा, त्याचा मामा आणि आई. अब्बांनी मला बाहेर बोलावलं आणि त्या बाईंसमोर बसवलं.

"हिचे हात बगून घ्या," ते म्हणाले. "थंडीत असेच राहत्यात. पुढंबी राहतील. माज्याकडनं आलंय. काय विचारायचं ते आता विचारा, मागनं नको."

बाईंनी माझा हात घेतला. पालथा केला, सुलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं, जसं मणियाराच्या घरातली बाई दाबते. मुलगा जमिनीकडे बघत होता. तो पुढे चाळीस वर्षं माझा नवरा होता, आणि त्यालाही बोलायला असाच वेळ लागायचा.

"चुडा भरता येतो?" बाईंनी विचारलं.

"येतो," मी म्हणाले.

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि माझा हात न सोडताच अम्मीला म्हणाल्या, चहात आलं जरा जास्त घाला, तुमच्या जुन्नरला थंडी फार.